बी.एड.चा हिशेब

२०२२ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. महिन्याचे सव्वीस दिवस काम लागलं, तर हाती ६,६५६ रुपये. त्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते. हमीच्या कामावर सलग सव्वीस दिवस क्वचितच मिळतात हे खरं, आणि २५६ रुपयांची मजुरीही तुटपुंजीच. पण बारावीनंतर डी.एड., मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी एवढं सगळं पार करून वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाच्या दिवसाची किंमत राज्याने त्याहूनही खाली लावली होती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या मानधनावर बोट ठेवलं, संघटनांचा रेटा होताच. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. आधी हेच आकडे ६,०००, ८,००० आणि ९,००० असे होते आणि बरीच वर्षं तसेच राहिले होते. वाढ मोठी होती. तरीही शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरात जो प्रश्न आधी विचारला जायचा, तो आजही विचारला जातो: या पदवीसाठी जे देणं अंगावर घ्यायचं, ते पहिल्या पगारातून फिटणार का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक जण फीपासून सुरुवात करतात. खरं तर खर्चाच्या यादीत फी मागच्या ओळीत बसते. शासकीय आणि अनुदानित अध्यापक महाविद्यालयांत फी सामान्य घराला पेलवेल अशी असते. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती वर्षाला काही दहा हजारांत जाते. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी, इतर मागासवर्गासाठी, आणि खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती. २०२४-२५ पासून केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आठ लाखांखाली कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना फीची पूर्ण सवलत मिळते. अध्यापक महाविद्यालयांत मुलींची गर्दी मोठी असल्याने या निर्णयाचा उपयोगही मोठा आहे. सवलतीची रक्कम उशिरा जमा होते आणि तोवर फी भरण्यासाठी तगादा लागतो, ही तक्रार वेगळी.

मग पैसा जातो कुठे? तो जातो वेळेत.

बी.एड. एक वर्षाचं होतं, ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यामागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता, आणि तो आयोग नेमला गेला महाराष्ट्रातल्याच एका वादातून. राज्यातल्या २९१ अध्यापक संस्थांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. शिक्षक घडवण्याच्या नावाखाली दोन खोल्या आणि एक पाटी एवढ्यावर दुकानं उघडली गेली, तेव्हा अभ्यासक्रम लांब आणि कसोशीचा करणं समजण्यासारखं होतं. मात्र दोन वर्षांतले सोळा आठवडे प्रत्यक्ष शाळेत शिकवायचं असतं आणि त्याचं विद्यावेतन मिळत नाही. वैद्यकीय पदवीच्या आंतरवासितेत विद्यावेतन मिळतं, शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात बसणाऱ्या आयटीआयच्या मुलालाही मिळतं. पाठ टाचण करून, फळा खडूने भरून, तीस-चाळीस मुलांचा वर्ग चार महिने सांभाळणाऱ्या छात्राध्यापकाला मात्र एस.टी.चा पासही स्वतःच काढावा लागतो. पूर्वी सकाळी कॉलेज आणि दुपारी एखादी नोकरी जमत असे. शाळेतले ते चार महिने लागले की तीही सुटते. खोलीभाडं, मेस, पाठाचं साहित्य, गावी जाण्यायेण्याचा खर्च हे सगळं फीच्या दुप्पट-तिप्पट भरतं.

बँकेचं शैक्षणिक कर्ज या अभ्यासक्रमाला मिळतं, नाही असं नाही. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज त्या काळातही साचत राहतं. समजा एखाद्या मुलीने फी आणि राहणं मिळून तीन लाख उचलले. दहा टक्के सरळ व्याजाने तीन वर्षांत त्यात नव्वद हजारांची भर पडते. ३ लाख ९० हजार दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सव्वापाच हजारांच्या थोडा अलीकडे येतो. १८,००० मानधनातून तो भरला की हाती १३,०००च्या आसपास उरतात. नेमणूक घरापासून दोन जिल्हे पलीकडे असेल, तर त्यातून भाड्याची खोली, रॉकेलच्या जागी आलेला गॅस, आणि घरी पाठवायचे चार पैसे. चालतं, पण जेमतेम.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज सोपं करते आणि ठरावीक उत्पन्नाच्या घरांना व्याजात तीन टक्के सूट देते. मात्र ती देशातल्या नावाजलेल्या ठरावीक संस्थांपुरती आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या. तालुक्याच्या गावातलं, पहिल्या मजल्यावर ज्युनियर कॉलेज आणि दुसऱ्यावर अध्यापक महाविद्यालय असलेलं कॉलेज त्या यादीत येण्याची शक्यता फारशी नाही.

म्हणून हे कर्ज बहुतेकदा बँकेच्या वहीत दिसतच नाही. ते पतसंस्थेत असतं, सोनाराकडे गहाण ठेवलेल्या पाटल्यांत असतं, बचत गटाच्या रजिस्टरात आईच्या नावावर असतं, मामाकडून घेतलेल्या हातउसन्यात असतं. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या कर्जाचा आकडा सरकारला डॉलरपर्यंत माहीत असतो. आपल्याकडे शिक्षक होण्यासाठी किती घरांनी किती रुपये उचलले, हे कुठल्याच कार्यालयाला सांगता येणार नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्यावर धोरणही होत नाही.

आता पगाराची बाजू. शिक्षणसेवक ही योजना महाराष्ट्रात २००० सालापासून आहे. तीन वर्षं मानधनावर काम, मग नियमित वेतनश्रेणी. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं ३८,६०० पासून सुरू होतं. त्यावर २०२५ च्या जानेवारीपासून लागू झालेला ५५ टक्के महागाई भत्ता आणि ग्रामीण भागातला दहा टक्के घरभाडे भत्ता धरला, तर प्राथमिक शिक्षकाचं एकूण वेतन ४८,१८० होतं, माध्यमिकचं ६३,६९०. हातात येणारी रक्कम कपातीमुळे कमी असते, पण तुलनेसाठी हाच आकडा घेऊ.

प्राथमिकचा फरक महिन्याला ३२,१८०. छत्तीस महिन्यांचे ११ लाख ५८ हजार. माध्यमिकचा फरक महिन्याला ४५,६९०, छत्तीस महिन्यांचे जवळपास १६ लाख ४५ हजार. वर जे तीन लाखांचं कर्ज मांडलं, ते या आकड्यांपुढे किरकोळ वाटू लागतं. शिक्षणसेवकाचा वर्ग तोच, मुलं तीच, हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीचं काम, यू-डायसची माहिती, सगळं तेच. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाइतकंच काम करून तो तीन वर्षं एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी पैसे घेतो. राज्याने शिक्षकाकडून सक्तीने घेतलेलं हे बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते कधीच परत केलं जात नाही.

शेजारी तलाठी बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. कुठल्याही शाखेची पदवी चालते. निवड झाली की २५,५०० मूळ वेतन पहिल्या दिवसापासून, भत्त्यांसह बेचाळीस हजारांच्या घरात. म्हणजे बी.ए. झालेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीने लगेच तलाठ्याची परीक्षा काढली आणि दुसरीने दोन वर्षं बी.एड. करून शाळा धरली, तर दुसरी सुरुवातीच्या पाच वर्षांत पहिलीच्या कितीतरी मागे पडते. तलाठ्याची परीक्षा काही सोपी नाही, दहा लाखांतून नाव येणं हा मोठाच पराक्रम आहे. पण एका खात्यात पूर्ण पगार पहिल्या दिवसापासून मिळतो, मग वर्गात उभ्या राहणाऱ्यालाच तीन वर्षं परीक्षेवर का ठेवायचं, याचं पटेल असं उत्तर शिक्षण खात्याने आजवर दिलेलं नाही. केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक शिक्षकाला ३५,४०० मूळ वेतन रुजू झाल्या दिवसापासून मिळतं. परिवीक्षेचा काळ तिथेही असतो, पण तो पगार कापून घालवला जात नाही. गुजरातेतला विद्यासहायक मात्र आपल्यापेक्षाही लांब, पाच वर्षांच्या ठरावीक मानधनावर असतो. तेव्हा ही खोड एकट्या महाराष्ट्राची नाही.

इथवरचा हिशेब नोकरी लागली असं धरून झाला. खरी गोष्ट लागण्याआधीची आहे.

२००५ ते २०१० या काळात बारावीला चांगले गुण मिळवलेल्या ग्रामीण मुलामुलींची पहिली पसंती डी.एड. असायची. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांशिवाय शासकीय कोट्यातून नंबर लागत नसे. दोन वर्षांत नोकरी, नोकरी म्हणजे स्थैर्य, आणि मुलीची नोकरी म्हणजे लग्नाच्या बोलण्यात वजन. मागणी पाहून संस्थाचालकांनी विद्यालयं काढली, त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. तेवढ्यात दरवाजा बंद झाला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. आधी नांदेड जिल्ह्यात करून पाहिलेला हा प्रयोग सगळ्या शाळांवर एकाच वेळी लावला गेला. हजेरीपटावरची कितीतरी मुलं प्रत्यक्षात नव्हतीच. मुलं नाहीत म्हटल्यावर त्यांच्या नावावर मंजूर झालेली शिक्षकांची पदंही गळाली, हजारो शिक्षक 'अतिरिक्त' ठरले, आणि २ मे २०१२ च्या निर्णयाने नवी भरती थांबवली गेली. चूक कागदावर मुलं भरणाऱ्यांची होती. भोगली ती त्या वर्षी डी.एड.चा शेवटचा पेपर देऊन घरी परतलेल्यांनी.

पुढचं वेळापत्रक असं. शिक्षण हक्क कायद्यानंतर आलेली पहिली महाराष्ट्र टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. निकाल बहुतेक वर्षी एक आकडी टक्क्यांतच राहिला. २०१७ मध्ये भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं आणि त्या डिसेंबरात पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. त्या चाचणीवरची निवड यादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये आणि तिच्यात नावं सहा हजारांच्या आत. पुढची चाचणी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन लाखांहून अधिक उमेदवारांची. तिची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये. २०१० मध्ये विसाव्या वर्षी डी.एड. पूर्ण केलेली मुलगी २०२४ मध्ये चौतीस वर्षांची झाली. सरकारी नोकरीची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला अडतीस आणि राखीव गटाला त्रेचाळीस. यादीत नाव आलेल्या अनेकांच्या कपाळावर तोवर संसार, मुलांच्या फिया आणि आईवडिलांचं आजारपण येऊन बसलं होतं, आणि सुरुवात पुन्हा १६,०००पासून.

ही मधली वर्षं रिकामी जात नाहीत, ती पैसे खात राहतात. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत अभ्यासिकेतल्या खुर्चीचं महिन्याचं भाडं, क्लासची फी, कॉटचं भाडं, डबा. प्रत्येक टीईटीचं शुल्क, प्रत्येक चाचणीचं शुल्क. मुलगी असेल तर दर वर्षी घरून एक प्रश्न अधिक. या काळात जमेल ते काम धरलं जातं. घड्याळी तासिका, खासगी शिकवण्या, तालुक्याच्या इंग्रजी शाळेतली नोकरी. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली पदवीधरांना सहा महिन्यांसाठी महिना १०,००० देऊन शाळांतही बसवलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांवर डी.एड., बी.एड. झालेल्यांना १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मागे घेतला गेला. ज्या गावात एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, तिथे पालकांनी अशा नेमणुकीचंही स्वागत केलं असतं. उमेदवाराला मात्र उद्या आपण शाळेत असू की नाही हे कळत नव्हतं.

जागा नाहीत, असंही म्हणता येत नाही. २०२४ च्या जाहिरातीत एकूण २१,६७८ पदं होती. त्यातल्या मुलाखतीशिवायच्या जवळपास सोळा हजार आठशे पदांपैकी पहिल्या यादीत शिफारस झाली ११,०८५ जणांची. उरलेल्या जागांना पात्र उमेदवारच मिळाले नाहीत, काही समांतर आरक्षणाच्या, काही विशिष्ट माध्यमाच्या आणि विषयांच्या. एकीकडे लाखोंची रांग आणि दुसरीकडे पाच हजारांवर रिकाम्या खुर्च्या. गणित-विज्ञान किंवा इंग्रजी घेऊन बी.एड. करणाऱ्याची आणि मराठी-इतिहास घेऊन करणाऱ्याची वाट सारखी नसते, हे प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात मैदानाचा फोटो असतो, त्या विषयाच्या किती जागा गेल्या पाच वर्षांत भरल्या याचा आकडा नसतो.

नियमही वाटेत बदलत राहिले. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. चालणार नाही, त्या वयाच्या मुलांना शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण हवं. शिक्षणशास्त्र म्हणून निर्णय योग्यच आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं आणि नववीला त्रिकोणमिती शिकवणं ही दोन कामं आहेत. पण प्राथमिकचा दरवाजा उघडा आहे असं समजून दोन वर्षं आणि दोन-तीन लाख घातलेल्यांच्या हाती या निकालानंतर अर्धीच पदवी राहिली. ज्या डी.एड. विद्यालयांना विद्यार्थी मिळत नव्हते, जिथे कुलपं लागली होती, तिथला अभ्यासक्रम पुन्हा कामाचा ठरला. १ सप्टेंबर २०२५ ला त्याच न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला असेल तर, दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. नोकरी लागली म्हणजे सुटलो, असंही आता राहिलेलं नाही.

रांग एवढी लांब आणि दार एवढं अरुंद असलं की दारापाशी पैसे मागणारे उभे राहतातच. खासगी अनुदानित संस्थांमध्ये पदासाठी लाखांत रक्कम मागितली जाते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात विचारलं तर आवाज खाली आणून सांगितलं जातं. पवित्र पोर्टल आलं ते हे थांबवण्यासाठीच. पूर्ण थांबलं असं कुणी म्हणत नाही. समजा पंधरा लाख उभे केले, काही जमीन विकून आणि उरलेले उसने, आणि सगळ्या रकमेवर बारा टक्के व्याज धरून दहा वर्षांचा हप्ता काढला, तर तो महिन्याला २१,५०० च्या वर जातो. माध्यमिक शिक्षणसेवकाचं मानधन १८,०००. पहिली तीन वर्षं हप्ता पगारापेक्षा मोठा, आणि घर चालवायला शून्याखालून सुरुवात. शैक्षणिक कर्जाच्या कुठल्याही चर्चेत हा आकडा येत नाही, कारण पावतीच नसते.

पैशाच्या या दबावातूनच गुन्हे घडले. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून देण्याचा प्रकार पुणे सायबर पोलिसांनी उघड केला, आणि पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ या शिक्षकांच्या वेतनप्रणालीतले बनावट आयडी तयार करून पगार काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. पैसे देणारे उमेदवार निर्दोष होते असं म्हणता येणार नाही, खऱ्या गुणांनी पास झालेल्यांच्या जागा त्यांनी अडवल्या. पण त्यांनी दिलेले पैसे आले कुठून, याचा माग काढला तर पुन्हा तीच गहाण सातबाऱ्याची वाट लागते.

विनाअनुदानित शाळांची कहाणी याहून करुण आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये राज्याने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मान्यता द्यायचं ठरवलं. जुलै २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला, मग मूल्यांकनं झाली, याद्या आल्या, २०१६ पासून वीस टक्के अनुदान, मग चाळीस, मग साठ, असा टप्प्याटप्प्याने पैसा सुटत गेला. त्या प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर, पावसात, ताडपत्रीखाली शिक्षक बसले. २०२५ च्या जुलैतही बसले. यातल्या कित्येकांनी दहा-पंधरा वर्षं विनावेतन शिकवलं. सकाळी शाळा आणि दुपारनंतर शेतमजुरी, रिक्षा, रंगकाम. त्यांच्या बाबतीत सुरुवातीचा पगार शून्य होता, म्हणून कर्ज आणि पगार यांचं गुणोत्तर काढायला गेलं तर भागाकारच होत नाही.

आणि खासगी इंग्रजी शाळा? १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आहे, त्याखाली वेतनाचे नियम आहेत. तरीही निमशहरी भागात बी.एड. झालेल्या शिक्षिका आठ-दहा हजारांवर काम करताना दिसतात. तक्रार केली तर नोकरी जाते, आणि बाहेर रांग उभीच असते.

इतरत्र काय करतात, ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंडला भौतिकशास्त्र, गणित, रसायन, संगणक या विषयांचे शिक्षक मिळेनासे झाले, तेव्हा २०२५-२६ साठी त्या विषयांच्या प्रशिक्षणार्थींना २९,००० पौंडांचं करमुक्त विद्यावेतन ठेवलं गेलं. त्याच वर्षी लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पहिल्या वर्षाचा पगार ३२,९१६ पौंड होता. म्हणजे शिकण्याचं वर्षही जवळजवळ पगारीच. सिंगापुरात शिक्षण खातं आधी निवड करतं, प्रशिक्षणाच्या काळात पगार देतं, आणि बदल्यात ठरावीक वर्षं सेवेचं बंधन घालतं. अमेरिकेत पदवीचं कर्ज अवाढव्य असतं, पण सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं संघीय कर्ज माफ करण्याची तरतूद २००७ पासून आहे. गरीब वस्तीतल्या शाळेत पाच वर्षं गणित, विज्ञान किंवा विशेष शिक्षण शिकवणाऱ्याला १७,५०० डॉलरपर्यंत माफी मिळते. या योजनांच्या अटी किचकट आहेत आणि त्यांतही अनेकांचे अर्ज फेटाळले गेले. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मान्य झालेली दिसते, की शिक्षक तयार होण्याचा खर्च एकट्या उमेदवाराने उचलायचा नसतो. देशातच बिहारने २०२३ मध्ये लोकसेवा आयोगामार्फत एका दमात लाखाहून अधिक शिक्षक निवडले आणि नोव्हेंबरात नेमणूकपत्रं वाटली. तिथल्या शाळांच्या अवस्थेबद्दल बरंच बोलता येईल, पण एका वर्षात एवढी भरती करता येते हे तरी त्यातून दिसलं.

एवढं असूनही मुलं बी.एड.ला का जातात, असं शहरातले लोक विचारतात. कारण तीन वर्षांनंतरचा आकडा खरा आहे. गावाजवळच्या शाळेत पन्नास हजारांच्या आसपास नियमित पगार, वाढणारा महागाई भत्ता, वैद्यकीय देयकं, आणि समाजात 'गुरुजी', 'बाई' म्हणून मान. दुष्काळी तालुक्यात याच्या जवळपास जाणारी दुसरी नोकरी नसते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये आठवडाभर राज्यव्यापी संप झाला. तरीही तीस वर्षांच्या सेवेचा विचार केला, तर तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज हा वाईट व्यवहार ठरत नाही. नोकरी पंचविसाव्या वर्षी लागली, तर. पस्तिसाव्या वर्षी लागली, तर दहा वर्षांचं वेतन, दहा वर्षांच्या वेतनवाढी आणि निवृत्तिवेतनासाठीची दहा वर्षांची कपात, सगळंच हुकलेलं असतं.

म्हणून उपायांची चर्चा व्याजाच्या अर्ध्या-पाऊण टक्क्यावर अडकवण्यात अर्थ नाही. शिक्षणसेवकाची तीन वर्षं पूर्ण पगाराची करणं हा पहिला न्याय. परिवीक्षा ठेवायची तर ठेवावी. अभियोग्यता चाचणी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात आणि यादी त्याच शैक्षणिक वर्षात, हे केंद्रीय लोकसेवा आयोगाला जमतं तर शिक्षण खात्यालाही जमायला हवं. शाळेतल्या सोळा आठवड्यांसाठी विद्यावेतन द्यावं. आणि दर जूनमध्ये, प्रवेशाच्या अर्जासोबतच, जिल्हा, माध्यम आणि विषय यांनुसार रिक्त आणि पुढच्या पाच वर्षांत निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या पदांचा तक्ता छापावा. संचमान्यतेची, म्हणजे शाळानिहाय मंजूर पदांची, सगळी माहिती खात्याकडे संगणकावर आहे. तो तक्ता काढणं एका आठवड्याचं काम आहे, आणि त्याने कित्येक घरांच्या पाटल्या वाचतील.

दरम्यान अभ्यासक्रम पुन्हा बदलतो आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. आणला, त्याखेरीज चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. परत आणण्याचा मसुदाही पुढे आला. २०२५ च्या पावसाळ्यात दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेश घेतलेली मुलगी २०२७ ला बाहेर पडेल. टीईटी पहिल्या फटक्यात सुटली, चाचणी लगेच निघाली आणि यादीच्या पहिल्या फेरीतच नाव आलं, एवढं सगळं सुरळीत धरलं तरी तिच्या मानधनाचा पहिला महिना २०२८ मधला आणि पूर्ण वेतनाचा पहिला महिना २०३१ मधला. बँकेचा हप्ता मात्र २०२८ च्या उन्हाळ्यातच सुरू झालेला असेल.